दारात बोललेलं खरं

४ फेब्रुवारी

धाकटे,

नऊ वर्षांनी तुझं टपाल आलं आणि फोडून बघतो तर आत तुझ्या वकिलांची नोटीस. 'उपरोक्त साक्षीदाराने', म्हणजे मी, अठ्ठावीस मार्चला सकाळी दहा वाजता चौकशी आयोगापुढे हजर राहावं. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण पाकिटावरचा पत्ता तू स्वतः लिहिला होतास. वकिलांच्या कचेरीत पत्ते टाईप करतात, एवढं मलाही कळतं. म्हणून हे उत्तर तुला लिहितोय, त्यांना नाही. हवं तर त्यांना दाखव, आणि ते वाचणार हे धरूनच लिहितो. तुला ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा आल्या तर कंटाळू नकोस.

मी येईन. त्या वर्षांत कोठडीत जी माणसं मेली त्यांची चौकशी व्हायलाच हवी, आणि तुझ्या नवऱ्याची तर आधी व्हायला हवी. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. झालं ते मी छापून मोकळा झालोय, तेही दोन आवृत्त्यांत. पण आयोगासमोर बोलण्याआधी एकदा तुझ्याशी बोलायचं आहे. तू मला बोलूच दिलं नाहीस. दफनाच्या वेळी मी तुझ्या शेजारी येऊन उभा राहिलो तर तू शांतपणे कबरीच्या दुसऱ्या बाजूला गेलीस. लोकांना वाटलं असेल, तिकडून नीट दिसतं.

तुझा नवरा माझ्याकडे अकरा दिवस होता. कातडी कारखान्याच्या संपात सतरा माणसं नाहीशी झाली, त्या सतरा जणांची नावं एका कागदावर छापली म्हणून पोलीस त्याला शोधत होते. घोषणा नाही, शिवीगाळ नाही, नुसती नावं. बाराव्या दिवशी सकाळी साडेआठला दारावर थाप पडली. दोन अधिकारी होते, एक वयस्क, एक तरुण. त्यांनी विचारलं, तो तुमच्याकडे आहे का? मी म्हणालो, आहे.

मी खोटं बोलू शकत नव्हतो. तुला हे तेव्हाही पटलं नाही, आज पटेल अशी आशा नाही. पण मी ज्याच्यावर आयुष्य घालवलं तो दोनशे वर्षांपूर्वीचा विचारवंत (वर्गातली मुलं त्याला 'म्हातारा' म्हणत, पुढे मीही म्हणू लागलो) या एकाच प्रश्नावर दोनदा तुरुंगात गेला. त्याचं म्हणणं असं, की ख्रिस्ती धर्म म्हणजे देवळातल्या मेणबत्त्या नव्हेत आणि पाळकाचा झगाही नव्हे. तो सगळाच्या सगळा माणसाच्या कर्तव्यात आहे, उरलेलं सामान आहे. आणि पहिलं कर्तव्य खरं बोलणं. चांगल्यासाठी खोटं बोलणारा माणूस, म्हातारा म्हणतो, पुढे काय होणार हे आपल्याला कळतं असं धरून चालतो, म्हणजे देवाच्या खुर्चीत जाऊन बसतो. परिणाम देवाकडे सोपव, तुझ्या ताब्यात फक्त तुझा शब्द आहे.

आपले बाबा पाळक होते, तरी त्यांना हे पुस्तक आवडायचं नाही. ते म्हणायचे, "याच्या धर्मात माणसं कुठे आहेत रे?" मी हसायचो.

परिणाम काय होणार हे मला दिसलं नव्हतं. चौथ्या दिवशी ते म्हणाले की तो जिन्यावरून पडला. यात माझा दोष किती, हे तू आणि आयोग ठरवा. मी माझा शब्द पाळला.

तुझा,
दादा


१७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. 'त्यांनी नेमकं काय विचारलं ते शब्द न शब्द लिही.'

मायना नाही, खाली नाव नाही. इस्पितळात एक्स-रेच्या पाकिटावर तुम्ही लिहिता ना, डावा गुडघा, समोरून, तसं. ठीक आहे. तुझा अधिकार आहे.

पण नऊ वर्षांपूर्वीचं वाक्य कुणाला शब्द न शब्द आठवतं? 'तो तुमच्याकडे आहे का' असं असेल, 'तो इथे राहतो का' असंही असेल. अर्थ तोच. यात तुझे वकील काय शोधताहेत मला कळत नाही.

त्यापेक्षा तुला ते अकरा दिवस सांगतो. ते तुला कुणीच सांगितले नसतील.

अभ्यासिकेत मी त्याला खाट टाकून दिली होती. खिडकी चौकाकडे, म्हणून पडदा कायम ओढलेला. तो दिवसभर त्या अंधूक खोलीत पायमोजे घालून फिरायचा, खाली पावलं ऐकू जाऊ नयेत म्हणून. सकाळी मी कॉलेजात जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचो. परत आलो की ओट्यावर भांडी घासून पालथी घातलेली असायची, आणि पुस्तकांच्या कपाटात एक खण लावलेला असायचा, आडनावांनुसार. मी वीस वर्षांत जे केलं नाही ते त्याने अकरा दिवसांत केलं. अजून तसंच आहे.

छापखान्यात त्याला सगळे 'स्वल्पविराम' का म्हणत हे मला त्या दिवसांत कळलं. मला वाटायचं, कंपोझिटर म्हणून. पण तो बोलतानाच वाक्याच्या मध्ये थांबायचा, समोरच्याला वाटावं संपलं, आणि आपण तोंड उघडलं की पुढे बोलू लागायचा. मला त्याचा राग यायचा. दोनदा तर मी त्याच्यावर डाफरलो. तो म्हणाला, "माफ करा दादा, खिळे जुळवायची सवय, पुढचं अक्षर हातात आल्याशिवाय... बोलवत नाही."

मी त्याला शेवटपर्यंत अहो-जाहो केलं. लोकांना वाटायचं, बहिणीचा नवरा म्हणून मान देतो. तुला माहीत आहे की ते तसं नव्हतं. तू छापखान्यातल्या माणसाशी लग्न केलंस, आणि त्याला 'अरे' म्हटलं तर तो घरचा होईल, अशी मला धास्ती होती. बघ, हे मी कुठेही छापलेलं नाही.

तो तुझ्याबद्दल रोज बोलायचा. तू ड्युटीवरून आलीस की आधी बूट काढून जमिनीवर आडवी होतेस आणि छताशी बोलतेस, हे मला त्याच्याकडून कळलं. तुला निरोप पाठवता येत नव्हता, तुझ्यावर पाळत होती. एका दुपारी त्याने मला विचारलं, "तिने माझं खाकी स्वेटर टाकून तर नाही ना दिलं?" मी म्हणालो, मला काय माहीत. माझ्या हातात तपासायच्या उत्तरपत्रिका होत्या.

शब्द न शब्द आठवलं तर कळवीन.

दादा


५ मार्च

धाकटे,

तेच कार्ड, तीच ओळ, या वेळी अक्षर मोठं. बाबा शुभवर्तमान वाचताना मागच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांसाठी आवाज चढवायचे, त्याची आठवण झाली.

लिहितो. पण मला तिथे माझ्या चालीने जाऊ दे.

त्या दिवसांत माझं पुस्तक छापखान्यात होतं. म्हाताऱ्याच्या ग्रंथाचं मी केलेलं भाषांतर, सात वर्षांचं काम. प्रुफं माझ्याकडे येत होती आणि तुझ्या नवऱ्याचे हात रिकामे होते, म्हणून एक दिवस गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. उपकार केल्यासारखा. त्याने तो देवाचा प्रसाद घ्यावा तसा घेतला. माझ्या चुका काढल्या, एकशे बारा. बऱ्याचशा छापण्यातल्या, पण नऊ माझ्या होत्या. वाक्यं लंगडत होती, ती त्याने सरळ केली. आठ मी मुकाट्याने घेतल्या. एक हट्टाने तशीच ठेवली, ती आजही चुकीची आहे.

शेवटच्या दिवशी, म्हणजे ते आले त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी मी घरी आलो तर तो खाटेवर प्रुफं पसरून बसला होता.

"दादा, एक विचारू? कर्तव्याच्या प्रकरणात म्हातारा सुरुवातीला म्हणतो की सत्तेने दारात येऊन प्रश्न विचारला तर ख्रिस्ती माणसापुढे तीन वाटा असतात. पुढे दोनच येतात. खोटं बोलायचं की खरं बोलायचं. तिसरी... कुठे गेली?"

मी म्हणालो, मूळ लेखकाची चूक असेल.

"असेल. पण पुढे पानाच्या तळाशी एक टीप आहे, 'वर सांगितलेल्या मौनाविषयी.' वर मौनाचं काही सांगितलेलंच नाही."

तो मूळ भाषा वाचत नव्हता, धाकटे. शाळा त्याची आठवीपर्यंत. सात वर्षांत माझं हस्तलिखित वाचलेल्या एकाही विद्वानाने ते पकडलं नव्हतं.

तीन पानं मी गाळली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. त्या पानांवर म्हातारा म्हणतो की खटल्यात उभं केल्यावर ख्रिस्त फार थोडं बोलला, बहुतेक प्रश्नांना त्याने उत्तरच दिलं नाही. खोटं तर बोलला नाहीच, पण सत्तेला हवं ते खरंही पुरवलं नाही. तर खरं बोलण्याचं कर्तव्य हे, ज्याचं त्या खऱ्यावाचून नुकसान होतं त्याच्याशी असतं. पोलिसांचं सामान वाहून देण्याचं कर्तव्य कुणावर नाही. आणि मग म्हातारा स्वतःबद्दल लिहितो. तरुणपणी राजाच्या शिपायांना त्याने एका माणसाचा ठावठिकाणा सांगितला होता, आणि पुढे वीस वर्षं तो त्याला सत्यनिष्ठा म्हणत राहिला. एक दिवस त्याला आठवलं की सांगताना आपण सगळा वेळ शिपायाच्या तलवारीकडे बघत होतो. भीतीने बोललेलं खरं कर्तव्यात मोजता येत नाही, तो म्हणतो, ती नुसती भीती असते, तिच्या तोंडी योगायोगाने खरे शब्द आलेले असतात.

ती पानं का गाळली? त्या वर्षांत ती सरकारी तपासणीतून सुटली नसती, हे खरं आहे. मला विभागप्रमुख व्हायचं होतं, हेही खरं. प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला होता आणि म्हणाले होते, "पुस्तकात काही भानगड नाही ना, सर?" मी म्हणालो होतो, छे, सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. प्रस्तावनेत मी एक ओळ टाकली, की काही मजकूर प्रक्षिप्त असण्याची शंका असल्याने वगळला. शंका कुणालाच नव्हती.

तुझ्या नवऱ्याला मी ते सगळं सांगितलं नाही. म्हणालो, पानं संशयास्पद आहेत. तो थांबला. मला वाटलं, संपलं. मी चहा ठेवायला उठलो.

"दादा, संशयास्पद पानांवरची टीप... तुम्ही काढायला विसरलात."

चिडवून म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याने ते मला मदत म्हणून सांगितलं. टीप काढून टाका, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या लक्षात येईल. पेन्सिलीने त्याने तिच्यावर हलकी रेघसुद्धा मारून ठेवली होती.

चहा मी एकट्यापुरताच केला.

दादा


२१ मार्च

धाकटे,

आयोगाच्या कारकुनाने त्या अधिकाऱ्याच्या नोंदवहीची प्रत पाठवली आहे, साक्षीआधी वाचून यावं म्हणून. वयस्क अधिकारी तीन वर्षांपूर्वी वारला. तरुण होता तो आता बढती मिळवून मोठ्या हुद्द्यावर आहे, वही त्याचीच. नोंदवहीत लिहिलंय : 'साडेआठ वाजता प्राध्यापकांचे घरी गेलो. फरारी इसमाबाबत विचारणा केली असता तो घरात असल्याचे त्यांनी सांगितले.' चार दिवसांनंतरची नोंद त्याच हातची, त्याच शाईची. 'सदर इसम जिन्यावरून पडून मयत.'

दोन्ही पानं समोरासमोर ठेवून मी दुपारभर बसलो. तू तीच ओळ पुन्हा पुन्हा का विचारतेस ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. तू त्याला शवागारात पाहिलं होतंस. दफनाच्या दिवशी मागच्या रांगेत तू बाबांच्या जुन्या मित्राला सांगताना मी ऐकलं होतं, की जिन्यावरून पडलेल्या माणसाची दहाच्या दहा बोटं मोडत नाहीत, आणि मोडलीच तर अशी एकेक करून मोडत नाहीत. तुझ्याकडे बोटांचे फोटो नाहीत, काढू दिले नाहीत. आहे ती ही वही. तिच्यातली एक नोंद खोटी ठरली, तर दुसरीही उभी राहत नाही.

आणि पहिली नोंद खरी की खोटी हे सांगू शकणारी दोन माणसं जिवंत आहेत. एक तो अधिकारी. एक मी. माझं पुस्तक आणि त्यांची वही एकमेकांशी चोख जुळतात. मी नुसता गप्प बसलो तरी उरलेलं आयुष्य आरामात जाईल.

त्यांनी काही विचारलं नव्हतं.

शब्द न शब्द लिहितो. शब्द न शब्द आठवतं मला. रोज आठवतं.

खालच्या मजल्यावरच्या पियानो शिकवणाऱ्या बाईंची टपालपेटी कुणीतरी फोडली होती. ते दोघं त्यासाठी इमारतीत आले होते, दारोदार विचारत. वयस्क अधिकारी म्हणाला, "तुमची पेटी ठीक आहे ना, सर?" मी म्हणालो, हो. "काल-परवा जिन्यात अनोळखी कुणी दिसलं का?" नाही म्हणालो. "बरं, सकाळी सकाळी तकलीफ दिली." टोपीला हात लावून ते वळले. त्याचा गुडघा दुखत असावा, तो कठड्याला धरून आधी एक पाय, मग दुसरा, असा उतरत होता. तरुण त्याच्यासाठी खोळंबला होता. दार माझ्या हातात होतं. लोटायचं फक्त बाकी होतं.

मी म्हणालो, "ज्याला तुम्ही शोधताय तो आत आहे."

वयस्क अधिकारी म्हणाला, "कोण?" त्याला माहीतच नव्हतं, धाकटे. मला तुझ्या नवऱ्याचं नाव सांगावं लागलं, आडनावासकट.

नऊ वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलोय की पेटीचं निमित्त होतं, त्यांना सगळं ठाऊक होतं, ते माझी परीक्षा घेत होते. भीती होतीच. अकरा दिवस मी नीट झोपलो नव्हतो, जिन्यात कुणी खोकलं तरी उठून दाराला कान लावायचो. पण भीतीने माणूस दार लावतो. मी उघडं धरलं. आदल्या दुपारचं ते वाक्य माझ्या छातीत होतं, टीप काढायला विसरलात. मला तो माणूस माझ्या खोलीतून, माझ्या पुस्तकातून, आपल्या घरातून गेलेला हवा होता. मरायला नको होता. एवढं मानशील तर मान.

वर्षभराने पुस्तक निघालं तेव्हा प्रस्तावनेत मी दारातला प्रसंग लिहिला, आणि लिहिताना त्यांच्या तोंडी प्रश्न घातला. प्रश्नावाचून माझं उत्तर कर्तव्य ठरेना. अधिकाऱ्याने वहीत तोच प्रश्न घातला होता, त्याला हुशारी दाखवायची होती म्हणून. आम्ही दोघांनी ठरवलं नव्हतं. लोकांनी पत्रं लिहिली, सत्यासाठी स्वतःच्या घरावर निखारा ठेवला म्हणून. आजही कॉलेजात तो प्रसंग शिकवतात.

अठ्ठावीसला मी हे सांगेन. तू समोर बसू नकोस, असं लिहिणार होतो. तुला वाटेल तिथे बस.

दादा


३० मार्च

धाकटे,

तू पहिल्याच रांगेत बसलीस.

परवा काय झालं ते तू पाहिलंस, ते परत लिहीत नाही. फक्त तू गेल्यानंतरचं सांगतो. दुपारच्या सुट्टीनंतर अध्यक्षांनी त्या अधिकाऱ्याला पुन्हा उभं केलं. सकाळी त्याला सगळं लख्ख आठवत होतं, दुपारी काहीच आठवेना. टपालपेटीच्या तक्रारीचा कागद पोलिसांच्याच दप्तरात निघाला, तारखेसह, पियानोवाल्या बाईंच्या सहीसह. अध्यक्षांनी वही जप्त केली. तुझ्या वकिलांनी काल फोन केला होता. मृत्यू 'अपघात' या सदरातून काढलाय, आणि त्या अधिकाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याची शिफारस होणार आहे. तुलाही कळलं असेल. ते बोलताना फार जपून बोलत होते, जणू मी आजारी आहे.

प्रकाशकांनी पुस्तक दुकानांतून परत मागवलं. बरं झालं. कॉलेजातून एका तरुण प्राध्यापकाचा फोन आला, माझाच विद्यार्थी, रडत होता. म्हणाला, "सर, मी आठ वर्षं शिकवतोय ते." मी म्हणालो, अरे, तीन पानं आहेत, पाठवतो, ती शिकव. त्याने फोन ठेवून दिला.

आता मला तुझ्याशी खोटं बोललेलं निस्तरायचं आहे.

साक्ष संपल्यावर तू माझ्यामागून व्हरांड्यात आलीस. नऊ वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळ. तुझे केस सगळे पांढरे झालेत, हे मला आत दिसलं नव्हतं. तू विचारलंस, "त्याने ऐकलं का, तू बोललास ते?" मी म्हणालो, नाही, झोपला होता. तू विचारलंस, "जाताना काही बोलला?" मी म्हणालो, नाही, काही नाही. तू मान डोलावलीस आणि जिन्याकडे गेलीस.

मला वाटलं, एवढं तरी तुझ्यावरचं ओझं कमी करावं. दोन दिवस मी त्याला दया म्हणत बसलो. पण माझी सवय मला माहीत झालीये. मी तुझ्यासाठी खोटं बोललो नाही. तू विचारलेलं आयोगाने विचारलं नव्हतं, वहीत नव्हतं, पुस्तकात नव्हतं, आणि मला ते सांगायचं नव्हतं.

तो जागा होता. अभ्यासिकेच्या दारात उभा होता, पायमोज्यांवर, हातात प्रुफाचा कागद. माझं वाक्य त्याने ऐकलं, आणि मी त्याचं आडनाव सांगितलं तेही ऐकलं. मागची खिडकी उघडी होती, धाकटे. शेजारच्या गच्चीवर उडी मारता आली असती, ते अजून उंबऱ्याबाहेर होते. तो पुढे आला. माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि म्हणाला,

"ह्यांना काही माहीत नाही. बायकोशी भांडलो, चार दिवस राहू द्या, असं सांगून मी आलो होतो. आज पेपरात माझं नाव वाचलं असेल, म्हणून... लगेच तुम्हाला सांगितलं."

तेव्हा फरारी माणसाला आसरा देणाऱ्याला सात वर्षांची कैद होती. मला ते ठाऊक होतं. त्यालाही होतं. अकरा दिवस आम्ही दोघं त्याबद्दल बोललो नव्हतो.

त्या दिवशी पेपर माझ्याकडे आलाच नव्हता. वयस्क अधिकाऱ्याने टेबलाकडे पाहिलं, तिथे पेपर नव्हता. मग माझ्याकडे पाहिलं. "खरं का, सर?"

मी होकाराची मान हलवली.

त्यांनी त्याला बूट घालू दिले. तरुण अधिकाऱ्याने बेड्या घातल्या, वयस्क पुढे झाला. तुझ्या नवऱ्याने जाताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की रागाने पाहिलं नाही, आणि ते मला पुरत होतं, रागावलेल्या माणसाशी हिशेब मिटवता येतो. पण तो रागावलेला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं असतं, तर मला सगळं ठाऊक होतं हे त्या अधिकाऱ्याला दिसलं असतं, आणि त्याचं बोलणं वाया गेलं असतं. म्हणून तो तिसऱ्या मजल्यापासून खालच्या दारापर्यंत मान वळवायचं टाळत गेला. मी वरून कठड्यातून बघत होतो.

दादा